शाईची रेघ, तांब्याची वाट

सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर



या व्याख्यानमालेत आपण संतवाङ्मयाविषयी ऐकले, नाट्यसंगीत ऐकले, आणि गेल्या शनिवारी दुर्गभ्रमणाची रसाळ हकीकतही ऐकली. त्या पंक्तीत आम्ही तिघे एक अगदीच रूक्ष पदार्थ वाढावयास आलो आहोत, याची आम्हांस जाणीव आहे. पेन प्लॉटर नावाच्या, आता बहुतेक ठिकाणी अडगळीत पडलेल्या यंत्राकडून घरच्या घरी पीसीबीचे रेखाटन कसे करून घेता येते, हा आमचा विषय. हे भाषण आम्ही तिघांनी मिळून लिहिले आहे. वाचणारा एक आहे इतकेच. विषय कळविला तेव्हा चिटणीसांनी क्षणभर थांबून विचारले, "पण याचा मंडळाशी संबंध काय?" संबंध आहे, आणि तो आम्हांस फारसा भूषणावह नाही. म्हणूनच तो आधी सांगून टाकतो.

१९८८ च्या गणेशोत्सवात मंडळाने शाळकरी मुलांसाठी प्रश्नमंजूषा ठेवली होती. येथे बंगलोरात वाढणाऱ्या आपल्या मुलांना महाराष्ट्राची थोडी ओळख राहावी, हा हेतू. चार टेबले, चार संघ. हात कोणी आधी वर केला यावरून वाद होतात, म्हणून आम्ही तिघांनी हौसेने एक यंत्र करून दिले. प्रत्येक टेबलावर एक कळ आणि एक दिवा. जी कळ प्रथम दाबली जाईल तिचा दिवा लागायचा आणि त्याच क्षणी उरलेल्या तीन कळांची दारे बंद व्हायची. आदल्या रात्री प्रत्येक कळ वीसवीसदा दाबून पाहिली होती. यंत्र बिनचूक चालत होते.

शेवटच्या फेरीत प्रश्न आला: महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कोणते? दुसऱ्या टेबलाचा दिवा लागला, 'कळसूबाई' हे उत्तर आले, टाळ्या पडल्या. तेवढ्यात तिसऱ्या टेबलावरची आठवीतली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "काका, मी आधी दाबलं होतं." आमच्यापैकी एकाने रंगमंचावरून उत्तर दिले. कोणी दिले ते आता महत्त्वाचे नाही, कारण तिघांचेही मत तेच होते. "बाळ, माणूस चुकेल, पण दिवा खोटं बोलत नाही." सभागृह हसले. मुलगी बसली. त्या एका प्रश्नाने तिचा संघ हरला.

विसर्जनानंतर सुमारे पंधरा दिवसांनी यंत्राची पेटी उघडली ती केवळ बॅटरी काढून ठेवण्यासाठी. सहज म्हणून घड्याळजीचे भिंग लावून पाहिले, आणि तिसऱ्या कळेकडून येणाऱ्या तांब्याच्या पट्टीवर एक आडवी चीर दिसली. केसाहूनही बारीक. बोर्ड टेबलावर सपाट ठेवला की चिरेच्या दोन्ही कडा एकमेकींना टेकत आणि वीज वाहत असे. पेटीच्या झाकणाला स्क्रूने आवळला की बोर्ड किंचित वाकत असे, आणि मग कधी वाट जोडलेली, कधी तुटलेली. त्या मुलीने कळ आधी दाबली होती याचा पुरावा आमच्यापाशी नाही. पण दाबली असती तरी दिवा लागला नसता, एवढे मात्र त्या भिंगातून स्पष्ट दिसत होते.

तोवर तिच्या वडिलांची जबलपूरला बदली झाली होती. मंडळाच्या नोंदवहीतून पत्ता मिळवून आम्ही तिच्या नावे पत्र लिहिले, झाला प्रकार कळविला आणि क्षमा मागितली. महिन्याभराने तिच्या हस्ताक्षरातले आंतर्देशीय पत्र आले. त्यात रागाचा शब्द नव्हता. एक प्रश्न होता: "आमच्या टेबलाची पट्टी तुटलेली होती हे समजले. बाकीच्या तीन टेबलांच्या पट्ट्या तुम्ही भिंगातून पाहिल्या का?"

आम्ही पाहिल्या नव्हत्या. पत्र वाचून पाहिल्या, तेव्हा पहिल्या टेबलाच्या पट्टीवरही एक जागा झिजून सुतासारखी झालेली आढळली. येथून पुढची आमची सारी खटपट त्या आंतर्देशीय पत्राला उत्तर म्हणून झालेली आहे असे समजावे.

आता जे या विषयाशी परिचित नाहीत त्यांच्यासाठी थोडे मुळापासून. रेडिओच्या पोटात पूर्वी तारांचे जंजाळ असे. व्हिएन्नात जन्मलेले पॉल आइसलर यांनी लंडनमध्ये १९३६ च्या सुमारास तारांच्या जागी, वीज न वाहणाऱ्या तक्त्यावर चिकटलेल्या तांब्याच्या पातळ पट्ट्या वापरून रेडिओ बनविला. दुसऱ्या महायुद्धात ही कल्पना तोफगोळ्यांच्या फ्यूजसाठी उपयोगात आली आणि युद्धानंतर घरोघरच्या यंत्रांत शिरली. पद्धत अशी, की संपूर्ण तक्त्यावर तांब्याचा पातळ पत्रा चिकटवलेला असतो, साधारणतः ३५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा सुमारे तिसावा भाग जाडीचा. जेथे तांबे ठेवायचे तेथे रंगाचा थर द्यायचा. मग तक्ता फेरिक क्लोराइडच्या द्रावणात सोडायचा. उघडे तांबे विरघळून जाते, रंगाखालचे उरते. रंग पुसला की तांब्याच्या वाटा तयार.

रहस्य असलेच तर रंगात आहे. रंगाच्या थरात सुईच्या टोकाइतके भोक राहिले तरी द्रावण तेथून आत शिरते. ते कोणाची गय करीत नाही.

आमच्या पहिल्या बोर्डाला आम्ही रंग कसा लावला होता? त्या काळी हौशी माणसे जसा लावीत तसाच. दिल्लीहून निघणाऱ्या 'इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू' मासिकात मंडलाचा आराखडा खऱ्या मापात छापलेला असे. तो कार्बन पेपर घालून तांब्यावर गिरवायचा आणि बारीक ब्रशाने त्यावर इनॅमल रंग भरायचा. रंग नसला तर घरातल्या मंडळींची नखे रंगविण्याची बाटली पळवायची. आमच्या घरांतून त्या वर्षी दोन बाटल्या गेल्या आणि त्याबद्दल जे ऐकावे लागले ते या व्यासपीठावर सांगण्याजोगे नाही. ब्रश उचलताना रंगाचा थर पातळ पडतो. तिसऱ्या पट्टीवरची चीर नेमकी ब्रश उचलल्याच्या जागी होती.

कारखान्यांतून याहून नीट व्यवस्था होती. पारदर्शक पॉलिस्टर फिल्मवर काळ्या क्रेप टेपच्या बारीक फिती आणि तयार चकत्या चिकटवून आराखडा दुप्पट किंवा चौपट मापात करायचा आणि कॅमेऱ्याने लहान करायचा. मोठ्या मापात झालेली चूक लहान करताना त्याच प्रमाणात लहान होते, हा त्यातला लाभ. परंतु फिती चिकटविणे हे काम दृष्टीची आणि मानेची परीक्षा पाहणारे, आणि उकाड्यात फिती हळूच सरकतात.

मुलीचे पत्र आल्यावर आम्ही तोच बोर्ड पुन्हा हाताने केला. तिसरी पट्टी उत्तम आली, पण चौथीवर रंग फुटला. तिसऱ्यांदा केला, तर दोन पट्ट्या एकमेकींना चिकटल्या. चार प्रयत्नांत चार निरनिराळे दोष. येथे आमच्या लक्षात आले, की हातात कसब कमी आहे हे खरे असले तरी मुख्य अडचण ती नव्हे. हाताने काढलेली प्रत्येक प्रत नवी असते. एके ठिकाणची चूक सुधारताना इतर सर्व जागी चूक करण्याची संधी पुन्हा मिळते. आम्हांला हवे होते असे काहीतरी, की एक आकडा बदलला तर तेवढीच एक जागा बदलेल आणि बाकी सारे जसेच्या तसे राहील.

ते १९९२ मध्ये मिळाले. एका कचेरीच्या आरेखन विभागातील जुने सामान विक्रीस निघाले होते. त्यात ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीचा ७४७५-ए हा प्लॉटर होता. तिघांनी वर्गणी काढून तो घेतला. किंमत सांगत नाही, कारण ती आमच्या तीन घरांत तीन वेगवेगळी सांगितली गेली होती. गमतीचा भाग असा, की आमच्या प्रश्नमंजूषेच्या यंत्रातील मुख्य चिपचा क्रमांकही ७४७५ च होता. चार कळांची स्थिती धरून ठेवणारी ती चिप, आणि हा सहा पेनांचा प्लॉटर. दोघांचा एकमेकांशी काडीमात्र संबंध नाही, तरी एस. पी. रोडवरच्या दुकानदाराला एक समजावताना आम्ही दुसऱ्याविषयी बोलत बसलो होतो.

प्लॉटर म्हणजे चित्र काढणारा यांत्रिक हात. १९५९ मध्ये अमेरिकेतील कॅलकॉम्प कंपनीने ५६५ नावाचा नळकांड्याचा प्लॉटर काढला. संगणकाला जोडून विकल्या गेलेल्या अगदी आरंभीच्या चित्रयंत्रांपैकी तो एक. त्याचे पाऊल इंचाचा शंभरावा भाग, म्हणजे पाव मिलिमीटर. नकाशाला ते पुरे, पण पीसीबीच्या तिरप्या रेघेला जिन्याच्या पायऱ्या पडतील. १९८३ मध्ये आलेल्या ७४७५-ए चे पाऊल त्याच्या दहाव्या हिश्शाचे, मिलिमीटरचा चाळिसावा भाग. त्यात पेन डावी-उजवीकडे सरकते आणि कागद पुढे-मागे. कागद पकडणाऱ्या चाकांवर खरकागदासारखा खरबरीत थर असतो. पहिल्याच फेरीत तो कागदावर सूक्ष्म ठसे उमटवितो आणि पुढे प्रत्येक वेळी चाक त्याच ठशांत बसते. त्यामुळे कागद शंभरदा मागेपुढे झाला तरी त्याच जागी परत येतो. एकाच पेनाने पुन्हा त्याच बिंदूवर यावयाचे तर फरक ०.१ मिलिमीटरच्या आत, असे कंपनीचे वचन होते. पेन बदलले तर ०.२. म्हणून आम्ही ठरविले, की पेने सहा असली तरी एक आराखडा एकाच पेनाने पुरा करायचा.

त्याच्याशी बोलायची भाषा सोपी होती. पी-यू म्हटले की पेन वर, पी-डी म्हटले की पेन खाली, आणि पुढे जाण्याच्या जागेचे दोन आकडे. आम्ही आराखडा आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने काढीत असू आणि प्रत्येक कोपऱ्याचे आकडे बेसिक भाषेतील एका छोट्या प्रोग्रॅममध्ये भरीत असू. आकडे वाचून दाखविण्याचे काम आमच्यापैकी एकाच्या सौभाग्यवतींकडे होते. वहिनी पंचांग वाचावे तशा एका सुरात वाचीत, आणि आमच्या टंकलेखनातील चुका सर्वांत जास्त त्यांनीच पकडल्या.

पहिला आराखडा सुबक आला आणि चुकीच्या मापाचा आला. मिलिमीटरचे चाळीस भाग धरून आम्ही आकडे भरले होते. या यंत्राचा एक भाग ०.०२५ मिलिमीटरचा नसून ०.०२४८८ चा आहे, हे पुस्तिकेत लिहिलेले होते आणि आम्ही वाचले नव्हते. फरक हजारात पाचाच्या आत. एका सोळा पायांच्या चिपखाली तो दिसतही नाही. पण आमचा बोर्ड १५० मिलिमीटर लांब होता आणि त्यावर सुमारे पाऊण मिलिमीटर कमी भरले. एका टोकाचा कनेक्टर बसला, दुसऱ्या टोकाचा बसेना. प्रोग्रॅममध्ये एकच गुणक बदलला आणि सर्व आराखडा एकदम योग्य मापात आला. हाताने काढलेला असता तर पहिल्यापासून आरंभ करावा लागला असता. यंत्र घेतल्याचे पहिले समाधान आम्हांला त्या चुकीने दिले.

आता चित्र काढायचे कशावर? ज्यांच्यापाशी सपाट पाटाचा प्लॉटर होता, उदाहरणार्थ रोलंड कंपनीचा डीएक्सवाय जातीचा, ते तांब्याचा बोर्डच पाटावर ठेवून न पुसणाऱ्या शाईच्या मार्करने थेट त्यावर रेघा काढू शकत. हा मार्ग सर्वांत जवळचा. फक्त तांबे आरशासारखे स्वच्छ हवे, बोटाचा तेलकट ठसा उमटला की तेथे शाई धरत नाही. शिवाय मार्करचे टोक तांब्यावर घासून बोथट होत जाते, आणि पहिली रेघ व शेवटची रेघ यांच्या जाडीत फरक पडतो. आमच्या यंत्रात दीड मिलिमीटर जाडीचा बोर्ड चाकांखाली जाणेच शक्य नव्हते. म्हणून आम्ही पॉलिस्टरची आरेखन फिल्म घेतली. साधा ट्रेसिंग कागद आधी वापरून पाहिला होता. पण पावसाळी हवेत तो फुगतो. सकाळचे माप संध्याकाळी राहत नाही.

आराखडा दुप्पट मापात काढायचा आणि मग निम्मा करायचा, असे ठरले. म्हणजे यंत्राची ०.१ मिलिमीटरची चूक बोर्डावर ०.०५ होईल. हा हिशेब किती नाजूक आहे तो पाहा. चिपच्या दोन पायांत २.५४ मिलिमीटर अंतर. प्रत्येक पायाभोवती १.६ मिलिमीटर व्यासाची तांब्याची चकती. दोन चकत्यांमध्ये उरते ०.९४. त्यातून ०.४ मिलिमीटरची वाट काढायची तर दोन्ही बाजूंना ०.२७ ची मोकळी जागा. अशा वाटा शक्यतो टाळाव्यात, हे आमचे आजही मत आहे. आमच्या बोर्डावर एकच टाळता आली नाही.

पेन जाड रेघ काढीत नाही. जाड रेघ बारीक रेघांनी भरावी लागते. आमचे नळीचे पेन ०.३५ मिलिमीटरचे. बोर्डावर ०.८ ची पट्टी हवी, म्हणजे फिल्मवर १.६ ची, त्यासाठी एकमेकींवर थोड्या चढणाऱ्या सहा रेघा. रेघांमधले अंतर पेनाच्या जाडीपेक्षा कमी ठेवायचे, नाहीतर दोन रेघांमध्ये उजेडाची फट राहते आणि ती फट पुढे तांब्यात उतरते. चकती काढताना पेनाची अर्धी जाडी बाहेर जाते हे विसरून चालत नाही. फिल्मवर ३.२ ची चकती हवी असेल तर पहिले वर्तुळ २.८५ व्यासाचे, मग त्याच्या आत एकेक लहान वर्तुळ, आणि मधोमध ठिपक्याएवढी जागा कोरी. ती कोरी जागा फार मोलाची. तांबे तेथे विरघळून खळगा पडतो आणि ड्रिलचे टोक न घसरता त्यात बसते.

शाईचे शास्त्र आम्हांस कोणत्याही पुस्तकात मिळाले नाही. यंत्राचा कमाल वेग सेकंदाला ३८ सेंटिमीटर. त्या वेगाने पळणाऱ्या पेनाखाली शाई पोहोचतच नाही. आम्ही तो ५ वर आणला. फार हळू केले तर रेघ फुगते. पेन टेकते त्या पहिल्या बिंदूशी शाईचा थेंब जमतो, म्हणून प्रत्येक रेघ चकतीच्या पोटातून सुरू करायची, म्हणजे थेंब चकतीत लपतो. फिल्मला हात लावण्यापूर्वी ती स्पिरिटने पुसायची. पंखा बंद. या शेवटच्या नियमामुळे मे महिन्यातील रात्री त्या खोलीत बसणे हे एक व्रतच होते.

एकदा सर्व यथास्थित लावून आम्ही चहाला गेलो. परत आलो तर यंत्र मोठ्या तन्मयतेने आपले काम करीत होते. उजवीकडून डावीकडे, वर्तुळामागून वर्तुळ, कोठेही चूक नाही. फिल्म मात्र अर्ध्यापासून कोरी होती. शाई सुकली होती. पेन कोरडे पडले हे प्लॉटरला कळण्याची सोय नव्हती. आकड्यांनी सांगितलेल्या जागी पेन गेले, की त्याच्या मते रेघ झाली. ते पाहून आम्ही तिघेही काही वेळ गप्प बसलो. प्रश्नमंजूषेच्या दिव्याविषयी आम्ही जे बोललो होतो ते प्रत्येकालाच आठवले असावे. त्या दिवसापासून पेन चालू असताना एकाने समोर बसून राहायचे आणि पुरी झालेली फिल्म खालून दिवा लावून, भिंगाने, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पाहायची, असा नियम केला. जेथे सुईच्या टोकाइतका उजेड दिसेल तेथे हाताने शाईचा ठिपका द्यायचा.

फिल्म निम्मी करण्याचे काम एका ब्लॉकमेकरच्या मोठ्या कॅमेऱ्यावर झाले. 'निम्मे' म्हटले म्हणजे कॅमेरा निम्मेच करील असा भरवसा नाही. म्हणून आम्ही आराखड्याच्या बाहेर, नेमक्या ३०० मिलिमीटर अंतरावर दोन फुल्या काढून घेत असू. छायाचित्रात त्या १५० वर आल्या तरच फिल्म घ्यायची. ब्लॉकमेकरने एकदा १४९ ला "चालतंय की" म्हटले. चालले नाही.

त्यापुढचा टप्पा लग्नपत्रिका छापणाऱ्या एका स्क्रीन प्रिंटरकडे. जाळीवर प्रकाशाला संवेदनशील लेप देऊन त्यावर फिल्म ठेवायची आणि उजेड द्यायचा. शाईने झाकलेल्या जागी लेप कच्चा राहतो, पाण्याने धुतला जातो, आणि तेवढ्याच भागातून रंग खाली उतरतो. सोनेरी गणपती आणि 'आमचे येथे श्रीकृपेकरून' यांच्या जोडीला आमच्या चिपच्या चकत्या त्या टेबलावर वाळत पडलेल्या आम्ही पाहिल्या आहेत. तांब्यावर रंग छापताना आराखडा उलटा की सुलटा, हा गोंधळ येथेच होतो. मंडल आपण सुट्या भागांच्या बाजूने पाहून काढतो आणि तांबे असते दुसऱ्या बाजूला. आमचा पहिला छापील बोर्ड उलटा निघाला. चिपचे पाय मागे वाकवून, उताण्या पडलेल्या झुरळासारखी ती बसवून पाहिली, आणि चालली देखील. परंतु ते यंत्र लोकांपुढे मांडण्याचे धैर्य झाले नाही. पुढे प्रत्येक आराखड्याच्या कोपऱ्यात आम्ही 'ग' हे अक्षर घालू लागलो. तांब्यावर 'ग' सुलटा दिसला की सारे सुलटे.

फेरिक क्लोराइडविषयी थोडक्यात: चूर्ण पाण्यात थोडेथोडे टाकावे, कारण द्रावण तापते, भांडे प्लॅस्टिकचे घ्यावे, कपड्यांवर पडलेला डाग आयुष्यभर सोबत करतो, आणि वापरलेले तांबेयुक्त द्रावण न्हाणीघराच्या मोरीत ओतू नये. हा शेवटचा नियम आम्ही उशिरा शिकलो, याची खंत आहे.

१९९३ च्या गणेशोत्सवात नवा बोर्ड बसविलेले यंत्र प्रश्नमंजूषेत वापरले गेले. चारही पट्ट्या आम्ही तिघांनी पाळीपाळीने भिंगाखालून पाहिल्या होत्या, आणि बोर्ड झाकणाला न आवळता चार रबरी बुशांवर ठेवला होता, कारण तो वाकणे हाही दोषाचा भाग होताच. शिवाय सूत्रसंचालकांच्या टेबलावर एक जादा कळ दिली. कोणी शंका घेतली तर खेळ थांबवून चारही कळा सर्वांसमोर तपासून पाहायच्या, असा नियम घातला. त्या वर्षी दोनदा शंका आली, दोन्ही वेळा यंत्र बरोबर ठरले, आणि दोन्ही वेळा तपासणीत गेलेल्या पाच मिनिटांबद्दल कार्यक्रम समितीने आमच्याविरुद्ध कुरकुर केली.

आजच्या तरुण मंडळींना हे सारे द्राविडी प्राणायामासारखे वाटेल. ते घरी संगणकावर आराखडा करतात, फाइल पाठवितात, आणि काही दिवसांत हिरवे चकचकीत बोर्ड टपालाने येतात. त्यांना आम्ही एवढेच सांगू, की जी फाइल तुम्ही पाठविता तिचे नाव गर्बर. आइसलर यांच्याप्रमाणेच व्हिएन्नात जन्मलेले आणि नाझींच्या तावडीतून सुटून १९४० मध्ये अमेरिकेत पोहोचलेले जोसेफ गर्बर, यांच्या कंपनीने १९६० च्या दशकात प्लॉटरच्या हातातील पेन काढून तेथे प्रकाशाचा झोत दिला आणि कागदाऐवजी छायाचित्राची फिल्म ठेवली. त्यांच्या भाषेत डी-०१ म्हणजे उजेड चालू ठेवून सरका, डी-०२ म्हणजे उजेड बंद करून सरका, डी-०३ म्हणजे जागेवर उभे राहून एकदाच चमका. पहिल्या दोन आज्ञा म्हणजे आमचे पी-डी आणि पी-यूच. तिसरीने चकतीची आतली वर्तुळे वाचली, एवढी सुधारणा. दिवा आता लेझरचा झाला, फाइलच्या स्वरूपात १९९८ च्या सुमारास बरीच भर पडली, तिची देखभाल आज बेल्जियममधील युकॅम्को कंपनी करते. पण डी-०१ आणि डी-०२ आजही तुमच्या फाइलमध्ये आहेत. मजकूर उघडून पाहिलात तर दिसतील. वाचण्यासाठी वहिनींना बोलवायचे असल्यास आधी विचारावे.

घरी प्लॉटर बनविण्याची हौस अलीकडे पुन्हा आली आहे. लहान मोटारी आणि तयार नियंत्रक स्वस्त मिळतात, आणि मुले त्यावर मार्कर बांधून चित्रे काढतात. त्यांपैकी कोणाला तांब्यावर रेघ काढून पाहावीशी वाटली तर आमची एकच विनंती. वेग कमी ठेवा, आणि पेन चालू असताना चहाला जाऊ नका.

ती मुलगी आता कोठे असते याची माहिती आम्हांला आहे, पण ती तिची आहे, म्हणून येथे सांगत नाही. १९९३ चा एक कोरा बोर्ड आम्ही तिला जबलपूरच्या पत्त्यावर पाठविला होता आणि तो पोहोचला, इतके सांगण्यास हरकत नसावी.

मागील टेबलावर दोन्ही बोर्ड मांडून ठेवले आहेत. डावीकडचा १९८८ चा, इनॅमल रंगाचा. उजवीकडचा १९९३ चा, कोपऱ्यात 'ग' असलेला. डावीकडच्यावर तिसऱ्या पट्टीपाशी लाल कागदाचा बाण चिकटविला आहे. चीर तेथेच आहे, ती आम्ही सोल्डरने बुजविलेली नाही. भिंग एकच आहे. पाहून झाले की शेजारच्यांना द्यावे, आणि बोर्ड वाकवू नये, वाकविला की ती दिसेनाशी होते.